पाचवीची ओळ

प्रिय वुलानचे बाबा,

अस्सलामु अलैकुम. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुमचा खोकला थांबला असेल असं धरून चालते. थांबला नसेल तर तुम्ही कळवणार नाहीच.

तुमचं पत्र आणि बोटीची दोन तिकिटं तुमच्या कामावरच्या सर्जोनोंनी शनिवारी दुपारी आणून दिली. त्यांची सुट्टी संपतेय, तेही रविवारी त्याच बोटीने केंडारीला परत निघणार, म्हणजे सोबत होईल. पत्र चार ओळींचं होतं. खोली मिळाली. रविवारची बोट. शाळेतून वुलानचा दाखला काढून ठेव. तिला सांग, इथल्या खिडकीतून समुद्र दिसतो. अहो, तुमच्या पुलांच्या मागे फिरून त्या पोरीने इतके समुद्र आणि इतक्या नद्या पाहिल्यात, की एखाद्या घराच्या खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात एवढं ऐकलं असतं तर ती जास्त खूश झाली असती. चार महिन्यांनी चार ओळी! आज गुरुवार, माझा नेहमीचा सोमवार-गुरुवारचा रोजा आहे. रोज्यात राग धरू नये हे मला ठाऊक आहे. सकाळपासून तीनदा हात-तोंड धुऊन वुजू केलं, राग होता तिथेच आहे. म्हणून आता लिहूनच काढते. तुम्ही एका बैठकीत वाचा, अर्ध्यावर घडी घालून खिशात ठेवू नका.

वुलानच्या शाळा तुम्हाला सांगता येतील का, न अडखळता? माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेल्या आहेत. चिलाचाप, पहिली. तेगाल, पहिलीचा उरलेला तुकडा आणि दुसरी. इंद्रामायूला जेमतेम पाच महिने. बंजरमासिनला तिसरी आणि चौथी अर्धी. मग इथे करांगवुनीला. प्रत्येक ठिकाणी खांबाचं काम सुरू होतं तेव्हा तुम्ही आम्हाला बोलावता आणि पूल उभा राहिला की तुमच्या कंपनीचं बोलावणं पुढे गेलेलं असतं. त्या पुलांवरून आपण तिघं एकदा तरी चालत गेलोय का? मला आठवत नाही.

तिच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर शाळेच्या नावाची पट्टी असते ना, ती प्रत्येक वेळी मी उसवते आणि नवीन शाळेची लावते. शर्ट बदलले तरी दरवेळी लावायची पद्धत तीच. साधा धावदोरा, लांब लांब टाके, गाठ आतून सैल. का, तर उसवताना कापड खराब होऊ नये, शर्ट अजून वर्षभर चालावा. मला माझ्या काटकसरीचं फार कौतुक होतं. मागच्या महिन्यात शर्ट धुताना बाही उजेडात धरली तर जुन्या टाक्यांची भोकं दिसली, चौकटीभोवती चौकट. एवढ्याशा बाहीवर. मी शर्ट तसाच बादलीत टाकला आणि दुसऱ्या कामाला लागले. पण ते डोक्यातून गेलं नाही.

इथे आल्यावर वर्गात तिचं नाव 'पाहुणी' पडलं. वार्तिनी नावाची मॉनिटर आहे, दोन वेण्या, आवाज भाजीवालीसारखा. तिने पहिल्याच दिवशी विचारलं म्हणे, "किती दिवस आहेस?" म्हणजे पोरांनासुद्धा कळतं. भिंतीवर वर्ग झाडायच्या पाळीचा तक्ता आहे, त्यात सगळ्यांची नावं शाईने, आपल्या पोरीचं शिसपेन्सिलीने, तेही सगळ्यात खाली. मी तिच्या वर्गाच्या एनदाह बाईंना विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, "अहो, पुलावाल्यांची मुलं आहेत, शाई कशाला वाया घालवायची?" चांगल्या आहेत त्या, वाईट हेतू नव्हता. पण मी घरी येऊन तेम्पे तळताना दोन तुकडे जाळले.

सोमवारच्या झेंडावंदनाचं तर तुम्हाला कधी सांगितलंच नाही. प्रत्येक वर्गाची पाळी येते, त्या वर्गाची मुलं सगळं करतात. कुणी आज्ञा देतं, कुणी प्रतिज्ञा वाचतं, तीन जण झेंडा चढवतात. तालीम दोन-तीन आठवडे चालते. चिलाचापला तिच्या वर्गाची पाळी यायची होती, आपण निघालो. तेगालला तालमीत घेतलं होतं, आपण निघालो. इंद्रामायूला विचारायचीच वेळ आली नाही. बंजरमासिनला बाई म्हणाल्या, "हिला नको, ही राहील की नाही कोण जाणे." पाच वर्षं दर सोमवारी पोर मागच्या रांगेत उभी राहून दुसऱ्यांनी चढवलेल्या झेंड्याला सलाम करतेय. ती कधी बोलली नाही. तुमच्यावर गेली आहे, चार ओळींच्या वर बोलत नाही.

या खेपेला पाचवीची पाळी आली, आणि झेंडा बांधणाऱ्या येनीला गालगुंड झालं. अल्लाहने त्या पोरीला लवकर बरं करावं, केलंही, पण तेव्हा तिचे गाल टरबुजासारखे झाले होते आणि एनदाह बाईंना त्याच उंचीची मुलगी हवी होती. त्यांनी वुलानला उभं केलं. वार्तिनी म्हणाली, "बाई, ही तर पाहुणी!" बाई म्हणाल्या, "मग पाहुणीला चहा पाज आणि गाठ बांधायला शिकव." दोन आठवडे आमच्या परसातल्या कपड्यांच्या दोरीवर तालीम चालली. माझा जुना परकर वर जायचा, खाली यायचा. शेजारच्या सुलीस काकू कुंपणावरून ओरडायच्या, "वुलान, सलाम करू का गं तुझ्या आईच्या परकराला?" पोर खळखळून हसायची. हसताना तिचा वरचा वाकडा दात दिसतो, तुम्ही पाहिलाय का तो? तुम्ही गेल्यावर आला.

शनिवारी झेंडा आमच्या घरी आला. ज्यांच्या हातून चढायचा त्यांच्या घरी तो धुवायला, इस्त्रीला जातो, तशी रीत आहे. दोन्ही टोकांच्या नाड्या झिजल्या होत्या, बाईंनी बदलून द्यायला सांगितलं होतं. झेंडा दारातून आत आला आणि तासाभरात सर्जोनो तुमचं पत्र घेऊन आले. मी पत्र वाचून तांदळाच्या डब्याखाली सरकवलं. वुलानला काही सांगितलं नाही. म्हटलं, सोमवार होऊ दे, मग मंगळवारी सांगू, बुधवारी सामान बांधू. चार वेळा केलंय, हात बसलाय.

रविवारी दुपारी सुलीस काकूंच्या मशीनवर नाड्या शिवायला बसले. वुलानने आठवण करून दिली, "आई, लाल टोकाच्या, वरच्या नाडीला निळा दोरा घाल. शाळेत तालमीच्या झेंड्याला आहे तसा. घडी घातल्यावर दोन्ही टोकं सारखीच दिसतात, मी दोरा बघूनच बांधते." मी हो म्हटलं. आणि मनात तुमच्याशी भांडत होते. खोली मिळाली म्हणे! कसली खोली, चूल आत की बाहेर, विहीर किती लांब, मशीद जवळ आहे का, शाळा आहे की नाही, एक शब्द नाही. मशीन धडधडत होतं आणि मी तुम्हाला एकेक प्रश्न विचारत होते. निळा दोरा मी पांढऱ्या टोकाला घातला. खालच्या नाडीला. माझ्या हातांनी.

सोमवारी मी तो चांगला हिरवा कबाया घातला आणि शाळेत गेले. झेंडावंदन बघायला म्हणून नाही. झेंडावंदन झाल्यावर हेडमास्तर हर्जो सरांना भेटून दाखला मागायचा होता, तुमच्या सहीचा अर्ज पाकिटात होता. कुंपणाजवळ चिंचेखाली उभी राहिले. पाचवीची ओळ सगळ्यात पुढे. तीन पोरी पाय आपटत खांबापर्यंत गेल्या, मधली वुलान. ताठ, हनुवटी वर, बाहीवर माझ्या कच्च्या टाक्यांची पट्टी. तिने घडी हातात घेतली, निळा दोरा शोधला, वरच्या कडीला बांधला. मी नजरेनेच म्हटलं, बिस्मिल्लाह. दुसरीने झेंडा झटकून उलगडला.

पांढरा वर. लाल खाली.

पहिलीतलं एक पोर मोठ्याने म्हणालं, "उलटा!" आणि मग कुणालाच हसू आवरेना. हर्जो सर पायऱ्या उतरून आले तेव्हा त्यांचे कान लाल झालेले मला तिथून दिसत होते. "कुणी बांधला?" वुलानने पाय पुढे टाकला. खरंच टाकला, मी पाहिलं. तेवढ्यात मागून वार्तिनीचा तो भाजीवालीचा आवाज आला, "पाचवीने बांधला, सर." सर म्हणाले, "पाचवीचं नाव काय? पाचवीला हात आहेत का?" ती म्हणाली, "चौऱ्याहत्तर आहेत, सर." अहो, हसू येण्यासारखी वेळ नव्हती ती. सर म्हणाले, "बरं. मग चौऱ्याहत्तर हात आणि सदतीस डोकी पहिला तासभर खांबाखाली उभी राहतील. कुणी हललं, ओळ मोडली, तर तास पहिल्यापासून. आणि पुढच्या सोमवारी पुन्हा पाचवीच." झेंडा सरळ करून चढवला, बाकीचे वर्ग आत गेले.

मी धावत कचेरीत गेले. त्या दिवशीही रोजा होता. सरांना सांगितलं, चूक माझी आहे, खुणेचा दोरा मी भलत्या टोकाला घातला. ते म्हणाले, "बाई, शिवणकाम तुमचं, पण डोळे तर मुलांचे ना? रंग बघायचा असतो, दोरा नाही." तेही खरंच. मग म्हणाले, "तुम्ही एवढ्यासाठी नवा कबाया घालून आलात?" मला पाकीट काढावं लागलं. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला. आवाज एकदम मऊ झाला, "अस्सं. रविवारी जाताय? मग मुलीला उन्हात कशाला उभं करायचं. तिचा आता या वर्गाशी काय संबंध? बोलवा तिला, माझ्या व्हरांड्यात सावलीत बसू द्या. दाखला आत्ता लिहून देतो." किती सहज म्हणाले. तिचा काय संबंध. त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा लक्षात आलं, पाच शाळांमध्ये हेच मी धावदोऱ्याने शिवत आले होते.

मैदानात गेले. ऊन सकाळचंच, पण अंग भाजून काढणारं. सदतीस पोरं नाकाच्या शेंड्यावर घाम घेऊन उभी. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "वुलान, चल. सरांनी सावलीत बोलावलंय." ती समोर बघत राहिली. तिची नजर फक्त माझ्या हातातल्या पाकिटावर गेली आणि परत आली. ते पिवळं पाकीट तिला चांगलं ओळखता येतं. ओठ न हलवता म्हणाली, "नाही." मी तिचा दंड धरला. मागून वार्तिनी दात न उघडता कुजबुजली, "काकू, तिला नेऊ नका, ओळ मोडेल! तास पहिल्यापासून धरतील!" दुसरी कुणीतरी म्हणाली, "आधी झेंडा, आता आई! या पोलंडने आज मारलंच आपल्याला." तिसरी फिस्सकन हसली, चौथीने तिला चिमटा काढला, आणि सगळी ओळ ताठ राहून हसायला लागली. माझी पोरसुद्धा. खांदे हलत होते तिचे. मी हात सोडला. काय करणार? मी परत चिंचेखाली जाऊन उभी राहिले. तासभर. मीसुद्धा हलले नाही.

हे पोलंड काय प्रकरण आहे ते संध्याकाळी कळलं. पोलंड नावाच्या देशाचा झेंडा म्हणे आपलाच, पण उलटा. पांढरा वर. ओळीतल्या त्या पोरीने ते पुस्तकात पाहिलं होतं, भूगोलाच्या सरांनी तिसऱ्या तासाला नकाशात दाखवलं आणि तेव्हापासून वुलानला सगळी शाळा पोलंड म्हणते. फाटकात चौथीची पोरं ओरडली, "ए पोलंड, तुमच्याकडे सूर्य पश्चिमेला उगवतो का?" तर वार्तिनी त्यांच्या अंगावर धावून गेली, "तिला पोलंड आम्ही म्हणायचं, तुम्ही नाही!" हे सांगताना वुलानचं नाक भाजून सोलवटलेलं होतं आणि तोंड बंद होत नव्हतं. दहा वर्षांत मी तिला इतकं बोलताना ऐकलं नाही. भात गार झाला. मी विचारलं, "तुला माहीत होतं ना दोरा मी घातला ते? सरांना का सांगितलं नाहीस?" ती म्हणाली, "सांगितलं असतं तर मला एकटीला सावलीत बसवलं असतं." आणि मग पाण्याचा पेला फिरवत, माझ्याकडे न बघता, "सावलीत बसले असते तर मी गेलेच असते ना, आई." मग तिने विचारलं, बोट कधीची. मी सांगितलं, रविवारची. तिने मान हलवली. रडली नाही. उठून तिने आपली जुनी पिशवी काढली आणि घडी घातलेले कपडे भरायला लागली, न सांगता, शहाण्यासारखी. तिचं ते शहाणपण बघून मला जो संताप आला, तो कुणावर होता ते विचारू नका. तुमच्यावर होता, आणि माझ्यावर होता.

तीन दिवस इस्तिखाराची नमाज पढले. अल्लाहकडे वाट मागितली. स्वप्न वगैरे काही पडलं नाही. फक्त बुधवारी शाळेजवळून जाताना खिडकीतून डोकावले, तर भिंतीवरच्या तक्त्यात वुलानचं नाव शाईने होतं. मंगळवारच्या झाडायच्या पाळीत, येनीच्या खाली. शाई अजून जराशी फुटलेली. मी घरी आले, तिचा शर्ट घेतला, पट्टी उसवली आणि सुलीस काकूंकडे गेले. मशीनवर चारी बाजूंनी दुहेरी टीप मारली, कोपऱ्यांवर उलटसुलट. काकू म्हणाल्या, "अगं, एवढी? हे उसवायचं तर बाही कापावी लागेल." मी म्हटलं, हो.

तर वुलानचे बाबा, हे पत्र मी टपालात टाकत नाही. आज सर्जोनो येतील, त्यांच्या हाती देते आहे, तुमची दोन्ही तिकिटं आणि सरांकडून परत आणलेला अर्ज घालून. मंगळवारी तुम्ही केंडारीच्या धक्क्यावर उभे असाल, धुतलेला शर्ट घालून, हे मला माहीत आहे. सर्जोनो फळीवरून उतरतील आणि तुमच्या हातात हे पाकीट देतील. त्यांच्या मागे बघत उभे राहू नका. बोट रिकामी होईल, आम्ही दोघी तिच्यात नाही. वुलानची सहावी होईपर्यंत आम्ही कुठेही येत नाही. तुम्ही ईदला या, त्या खोलीपेक्षा हे घर बरं आहे, आणि इथला पूल तुम्हीच बांधलाय, एकदा त्याच्यावरून चालूया. रागावलात तर रागवा, पण चार ओळींपेक्षा जास्त लिहून रागवा. तुम्ही हे वाचाल तेव्हा सोमवार होऊन गेलेला असेल आणि पाचवीने दुसऱ्यांदा झेंडा चढवलेला असेल. लाल वर गेला की परत पोलंड झालं, ते आज मला सांगता येणार नाही. दोरा बदलायला झेंडा काल पुन्हा घरी आला होता, पण या खेपेला खुणेचा दोरा मी घातलेला नाही. तिने स्वतः घातलाय. मी फक्त सुईत ओवून दिला.

तुमचीच,
सुमियाती